नवा पेलेट स्टोव्ह : सुरुवातीचा वास आणि बाहेरून लागणारी धग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पहिल्यांदा पेटवल्यावर येणारा उग्र वास कशाचा असतो?

बहुतांशी रंगाचा. पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या (पेलेट) जाळणारा स्टोव्ह. त्याच्या पत्र्यावर सिलिकॉन रेझिनचा उष्णतारोधक रंग असतो. कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा तो वरवर वाळलेला असतो, पक्का झालेला नसतो. पक्का होण्यासाठी तो तापावाच लागतो. अशा रंगांसाठी साधारणपणे तीन टप्पे सांगितले जातात : १२०, २३० आणि ३१५ अंश सेल्सिअसच्या आसपास. पहिल्या टप्प्यात उरलेसुरले द्रावक उडून जातात. पुढच्या दोन टप्प्यांत रेझिनमधले सेंद्रिय घटक जळून निघतात आणि रंग पत्र्याला कायमचा धरतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, कधी पत्र्यावरून निळसर-पांढरा धूर उठताना दिसतो, तो याच वेळचा.

रंगाखेरीज आणखी काही गोष्टी तापतात. पत्रा दाबताना लावलेले तेल, दार घट्ट बसावे म्हणून लावलेल्या गॅस्केटच्या दोरीखालचा गोंद आणि ज्वलनकक्षातल्या व्हर्मिक्युलाइटच्या (उष्णता सोसणाऱ्या खनिजाच्या) किंवा सिरॅमिक तंतूंच्या पाट्यांमधला बंधक यांचा वास पहिल्या एक-दोन तासांत येऊन जातो. रंगाचा वास त्यापेक्षा चिवट असतो.

हा वास किती दिवस राहतो?

दिवस मोजून उपयोग नाही. पत्रा किती तापला यावर सगळे ठरते. स्टोव्ह आठवडाभर सगळ्यात मंद आचेवर चालवला तर वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतो आणि काम झाले असे वाटते. मग पहिल्या कडाक्याच्या थंडीत आच पूर्ण वाढवली की तोच वास पुन्हा सुरू होतो. यात बिघाड काही नसतो. जो भाग आजवर १०० अंशांपर्यंतच गेला होता तो पहिल्यांदा २०० च्या पुढे गेला, एवढेच.

लाकडाच्या जुन्या धाटणीच्या स्टोव्हपेक्षा पेलेट स्टोव्हचे बाहेरचे अंग बरेच कमी तापते, म्हणून रंग पक्का व्हायला उलट जास्त वेळ लागतो. नीट टप्प्याटप्प्याने तापवला तर दोन-तीन पेटवण्यांत मुख्य वास जातो. त्यातली शेवटची पेटवणी पूर्ण आचेवर चार ते सहा तासांची हवी. त्यानंतर अधूनमधून पुसटसा वास आला तरी तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी असायला हवा. त्याच आचेवर, तितकाच तीव्र वास पुन्हापुन्हा येत असेल तर तो रंगाचा नाही; मग दुसरे कारण शोधायला लागा.

पहिली पेटवणी कशी करावी?

तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा. नसेल तर असे करा.

आधी स्टोव्ह रिकामा करा. पुस्तिका, सुट्या वस्तूंची पिशवी, थर्माकोल हे हमखास राखेच्या खणात किंवा ज्वलनकक्षात कोंबलेले असते. काचेवरचे स्टिकर, स्टीलच्या पट्ट्यांवरची पातळ प्लास्टिकची फिल्म, वायरींवरच्या बांधणीच्या पट्ट्या काढा. फिल्म इतकी घट्ट बसलेली असते की नजरेला दिसत नाही. कोपऱ्यात नख लावून बघा. मग कोरड्या मऊ फडक्याने सगळे अंग पुसून घ्या, कारण बोटांचे तेलकट ठसे तापल्यावर रंगात कायमचे उमटतात.

स्टोव्ह असलेल्या खोलीच्या खिडक्या उघडा आणि झोपायच्या खोल्यांची दारे लावून घ्या. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा मात्र बंद ठेवा. वास जावा म्हणून लोक नेमका तोच लावतात. पण त्याने घरातला दाब उतरतो आणि धुराडे उलटे ओढले जाऊ शकते. खिडकीत टेबलफॅन ठेवायचाच असेल तर हवा आत येईल असा ठेवा.

आता पेलेट. नव्या स्टोव्हमधला ऑगर, म्हणजे पेलेट पुढे सरकवणारा स्क्रू, रिकामा असतो. तो भरून पहिले पेलेट जळणाच्या वाटीत पडेपर्यंत बरीच मिनिटे जातात, तोवर पेटवण्याची ठरलेली वेळ संपते आणि स्टोव्ह ‘पेटला नाही’ म्हणून बंद पडतो. त्यासाठी पुस्तिकेत ऑगर भरून घ्यायची पद्धत दिलेली असते. पेटवणी फसली तर पुन्हा बटण दाबण्याआधी वाटी रिकामी करा. हे टाळले की वाटीत पेलेटचा ढीग साचतो, तो नुसता धुमसतो, ज्वलनकक्ष न जळलेल्या वायूंनी भरतो आणि ज्वाला धरताच भडका उडून दाराच्या फटींतून धूर खोलीत येतो. पहिल्याच दिवशी ‘स्टोव्ह फुटला’ अशा ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात.

पेटल्यावर पहिला तास सर्वांत मंद आच ठेवा, मग बटणाने बंद करून पूर्ण निवू द्या. दुसऱ्या खेपेला मध्यम आच, एक ते दोन तास, पुन्हा निवू द्या. तिसऱ्या खेपेला मंद आचेपासून हळूहळू वाढवत पूर्ण आचेवर न्या आणि तिथे चार ते सहा तास ठेवा. हे दिवसा करा आणि घरात जागे राहा. रात्री झोपण्यापूर्वी पेटवून सकाळपर्यंत काम उरकायचा बेत करू नका.

तापवताना रंगाला हात लावला तर काय होते?

चटका बसतो आणि ठसाही उमटतो. पक्का होण्याआधी हा रंग गरम असताना मऊ पडतो. फडके फिरवले तर त्याचे धागे चिकटतात. पत्रा पूर्ण निवेपर्यंत पुसू नका, वर काही ठेवू नका.

दार किलकिले ठेवून तापवावा असे ऐकले आहे. खरे का?

लाकडाच्या स्टोव्हसाठी हा सल्ला दिला जातो, म्हणजे गॅस्केटची दोरी मऊ रंगाला चिकटत नाही. पेलेट स्टोव्हला तो लागू नाही. दार उघडले की ज्वलनकक्षातला ऋण दाब (खोलीपेक्षा कमी दाब) नाहीसा होतो, दाबाचा स्विच पेलेट थांबवतो आणि धूर खोलीत येतो.

धुराचा अलार्म वाजला. काय करू?

रंगाची वाफ त्याला धुरासारखीच वाटते. ज्वाला वाटीतच आहे आणि वाफ पत्र्यावरूनच उठते आहे याची खात्री करा, खिडक्या आणखी उघडा, आवाज थांबवायचे बटण दाबा. बॅटरी काढून ठेवू नका. काढलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर मात्र ‘नव्या रंगामुळे असेल’ म्हणू नका. घरगुती अलार्मच्या अमेरिकन मानकानुसार (यूएल २०३४) तो ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) १ ते ४ तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजायला हवा. म्हणजे तो वाजेपर्यंत वायू काही काळ साचलेला असतो. सगळ्यांना घराबाहेर काढा, वाटेत असेल तर स्टोव्हचे बंद करायचे बटण दाबा, दार उघडून आत डोकावू नका आणि अग्निशमन दलाला बोलवा.

ही वाफ तब्येतीला घातक आहे का?

धडधाकट माणसाला मोकळ्या हवेत फार तर डोळ्यांची चुरचूर आणि घशाला त्रास होतो. लहान मुले, गरोदर बायका, दम्याचे रुग्ण यांनी त्या दिवशी दुसरीकडे थांबावे. पिंजऱ्यातले पक्षी तर नक्कीच हलवा. त्यांची श्वसनसंस्था वाफेला फार नाजूक असते. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे एकदम घरातल्या दोघा-तिघांना जाणवले तर रंगाचा विचार सोडा आणि कार्बन मोनॉक्साइड समजून बाहेर पडा.

वासावरून कारण ओळखता येते का?

बऱ्याच अंशी. व्हिनेगरसारखा आंबट वास धुराड्याच्या सांध्यांना लावलेल्या सिलिकॉनचा असतो. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि एक-दोन दिवसांत थांबते. सिलिकॉन लावल्या-लावल्या स्टोव्ह पेटवू नये. नळीवर दिलेला वेळ जाऊ द्यावा, नाहीतर सांध्यात बुडबुडे राहतात आणि पुढे तिथूनच धूर गळतो.

वितळलेल्या प्लास्टिकचा वास आला की फिल्म, स्टिकर किंवा धुराड्याला टेकलेली वायर शोधा. खारवलेल्या मासळीसारखा किंवा जळक्या बेकेलाइटसारखा वास विजेच्या भागांकडून येतो : सैल जोड, तापलेली पंख्याची मोटर, कंट्रोल बोर्ड. असा वास पहिल्या पेटवणीतही चालवून घ्यायचा नाही. बंद करण्याचे चक्र पूर्ण होऊ द्या, मग प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. ठिणगी किंवा धूर दिसला तर चक्राची वाट न बघता मेन स्विच बंद करा.

उरला लाकडाच्या धुराचा वास. बंद खोलीत तो कधीच ‘नवेपणाचा’ नसतो.

खोलीत लाकडाच्या धुराचा वास येतो. गळती कुठे असेल?

त्यासाठी दाब कुठे कसा असतो ते समजून घ्यावे लागते. धूर ओढणारा पंखा ज्वलनकक्षाच्या पुढे, धुराड्याच्या तोंडाशी बसवलेला असतो. त्यामुळे पंख्याच्या अलीकडे, म्हणजे ज्वलनकक्षात आणि दारापाशी, ऋण दाब असतो. तिथे फट असली तर खोलीतली हवा आत जाते, धूर सहसा बाहेर येत नाही. पंख्याच्या पलीकडे मात्र नळीत धन दाब असतो आणि तिथली केसाएवढी फटही धूर खोलीत ढकलते. म्हणून साध्या चुलीच्या धुराड्याला चालणारी सैल बसवणूक इथे चालत नाही. प्रत्येक सांध्याला रिंग किंवा उष्णतारोधक सिलिकॉन लागते. स्टोव्हच्या मानेला नळी जोडतात तो पहिला सांधा आणि टी-जोडाचे साफसफाईचे झाकण ही सर्वांत जास्त गळणारी ठिकाणे.

शोधायचे कसे? पेटवल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटे धूर सर्वांत दाट असतो. त्या वेळी खोलीत अंधार करून टॉर्च नळीला समांतर, सांध्यांवरून आडवा धरा. गळती असेल तर उजेडाच्या झोतात धुराची बारीक रेघ वळताना दिसते. आठ-पंधरा दिवस चाललेल्या स्टोव्हमध्ये तर सांध्याशी तपकिरी-करडी पूडच जमलेली आढळते.

वास फक्त पेटताना येऊन ज्वाला धरली की जात असेल, तर वाटी अस्वच्छ असणे, वाटीची भोके बुजणे किंवा बाहेरचा धूर खिडकीतून परत आत येणे ही कारणे तपासा. नळीचे बाहेरचे तोंड उघड्या खिडकीजवळ किंवा ताज्या हवेच्या झरोक्याजवळ असेल तर सांधे कितीही घट्ट केले तरी वास येणारच. दाराची दोरी तपासायला स्टोव्ह थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर त्या जागी दोरी बसलेली नाही. कडीचा ताण वाढवा किंवा दोरी बदला.

वीज गेली आणि खोलीत धूर आला. स्टोव्ह खराब आहे का?

नाही. पंखा थांबला की वाटीतले उरलेले पेलेट धुमसत राहतात आणि धूर नैसर्गिक ओढीवर अवलंबून राहतो. नळी सरळ आडवी भिंतीबाहेर काढली असेल तर ही ओढ जवळजवळ नसतेच. एक ते दीड मीटर उभी चढण दिली तर फरक पडतो. पेटवताना विजेची कांडी ३०० ते ४०० वॅट घेते, पण एकदा पेटल्यावर बहुतेक स्टोव्ह १०० वॅटच्या आतबाहेर चालतात, तेव्हा छोटी यूपीएस निदान नीट बंद होण्यापुरती पुरते. तिचा विद्युत तरंग साइन हवा. चौकोनी तरंगावर काही मोटरी गुणगुणतात आणि तापतात.

बाहेरून कोणता भाग किती तापणे नेहमीचे आहे?

मॉडेलनुसार फरक पडतो, पण ढोबळ अंदाज असा. काच आणि दाराची चौकट पूर्ण आचेवर २०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. गरम हवा बाहेर पडते ती जाळी आणि वरचा पत्रा ६० ते १२०. बाजूचे पत्रे ४० ते ८०. पेलेटच्या टाकीचे झाकण फार तर कोमट. ते हाताला सोसवत नसेल तर काहीतरी चुकते आहे.

धातूच्या उघड्या पृष्ठभागाला १ सेकंद स्पर्श झाला तर साधारण ६५ ते ७० अंशांना त्वचा भाजते. मिनिटभर टेकून राहिले तर ५१ अंशही पुरतात. म्हणजे जो बाजूचा पत्रा मोठ्या माणसाला ‘जरा गरम’ वाटतो, त्याला धरून उभे राहणाऱ्या बाळाचे तळवे भाजू शकतात. रांगती मुले असतील तर स्टोव्हपासून हातभर अंतरावर कठडा लावून तो भिंतीला पक्का करा. नुसता ठेवलेला कठडा बाळ ओढून पाडते.

इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले तर आकडे विचित्र येतात. का?

तो पृष्ठभाग कसा आहे यावर भरवसा ठेवतो. काळ्या, मॅट रंगावर आकडा बरोबर येतो. चकचकीत स्टीलच्या नळीवर तो खरा आकडा सोडून समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब मोजतो, आणि १२० अंशांची नळी ४५ दाखवू शकते. थंड असताना नळीवर नाण्याएवढा काळ्या उष्णतारोधक रंगाचा ठिपका द्या आणि नेहमी तिथेच मोजा. काचेवर आकडा ज्वालेचा येत नाही, काचेचाच येतो.

मागची भिंत गरम लागते. धोका आहे का?

युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये शेजारच्या ज्वलनशील भिंतीचे तापमान खोलीपेक्षा ६५ अंशांहून जास्त वाढू नये अशी मर्यादा असते. खोली २२ अंशांवर असेल तर भिंत ८७ पर्यंत. पण हा आकडा चाचणीचा आहे. घरात भिंत इतकी तापू देणे आम्हाला पटत नाही. लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिले की हळूहळू कोळपते आणि ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. पूर्ण आचेवर दोन तासांनंतर भिंतीवर तळहात ठेवून दहा सेकंद सोसवले नाही तर अंतर वाढवा.

किमान अंतर स्टोव्हच्या मागच्या पट्टीवर छापलेले असते. मागचे, बाजूचे आणि पुढचे आकडे वेगवेगळे असतात आणि पुढचा सर्वांत मोठा असतो, कारण काचेतून सरळ धग फेकली जाते. पेलेटसाठीच्या दुहेरी भिंतीच्या नळीला बहुधा ३ इंच, म्हणजे सुमारे ७५ मि.मी., मोकळी जागा मागतात. लाकडी भिंतीतून नळी नेताना तयार थिंबलच (नळी आणि लाकूड यांत अंतर राखणारी भिंतीतली बाही) वापरा. सोफा, पडदे, वाळत घातलेले कपडे यांनाही ही अंतरे लागू आहेत.

आधी इतका तापत नव्हता, आता बाजूचे पत्रे जास्त तापतात. का?

पहिला संशय खोलीत गरम हवा फेकणाऱ्या पंख्यावर घ्या. त्याच्या पात्यांवर धूळ किंवा पाळीव प्राण्यांचे केस बसले की हवा कमी वाहते आणि उष्णता स्टोव्हच्या अंगातच साठते. जाळीवर काही वाळत टाकले तरी तेच. फार तापल्यावर सुरक्षेचा थर्मल स्विच पेलेट थांबवतो. काही स्विच हाताने पुन्हा दाबावे लागतात. वरचेवर पडतो म्हणून त्या स्विचला वायरने वळसा घालणे म्हणजे टाकीपर्यंत आग पोहोचू नये म्हणून ठेवलेला पहारा काढून टाकणे. हे कुणी करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका.

उलट प्रकारही होतो : पत्रे नेहमीपेक्षा थंड, नळी मात्र गरम. तेव्हा उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर राखेचा थर बसलेला असतो. खरवडायचा दांडा असेल तर तो स्टोव्ह थंड असताना रोज पाच-सहा वेळा मागेपुढे करा.

काचेवर आतून पांढरट पापुद्रा आला आहे.

रंगाची वाफ काचेवर बसली. पूर्ण निवल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसा, चिवट असेल तर पाण्यात थोडे व्हिनेगर घाला. तारेची घासणी नको. पूर्ण आचेच्या पेटवणीआधी पुसलेले बरे, नंतर तो भाजून बसतो.

रंग राखाडी पडला किंवा पोपडे निघाले तर?

राखाडी झाला म्हणजे तो भाग रंगाच्या मर्यादेपलीकडे तापला. पंखा आणि दाराची दोरी तपासा. पोपडे बहुधा एकदम पूर्ण आच दिल्याने येतात. डागडुजीचा स्प्रे थंड, प्लग काढलेल्या स्टोव्हवरच मारा, त्याचा वायू ज्वलनशील असतो. त्यानंतर पुन्हा एकदा वास येणारच.

टकटक, टिकटिक आवाज येतात.

पत्रा प्रसरण-आकुंचन पावतो. दुर्लक्ष करा.

पेलेटमुळेही वास येतो का?

येतो. ओलसर पेलेट धुमसतात आणि काजळी करतात. ईएनप्लस या युरोपीय प्रमाणपत्राच्या ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यांपर्यंत असते. नवा स्टोव्ह अशाच पेलेटवर तापवा, म्हणजे वासाचा एक संशयित कमी होतो. उघड्या पोत्याचा राळेसारखा किंवा खवट तेलासारखा वास लाकडातल्या तेलांचा असतो. मोठा साठा बंद खोलीत असेल तर पेलेट नुसते पडून असतानाही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. तिथे हवा खेळती ठेवा.

दुसऱ्या हंगामात पहिल्या दिवशी पुन्हा जळका वास आला.

पत्र्यावरची धूळ जळते, तासाभरात थांबते. पेटवण्याआधी जाळी आणि पंखा साफ केला तर तेवढाही येत नाही.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी काय टिपून ठेवावे?

वास कोणत्या आचेवर, पेटवल्यापासून किती मिनिटांनी आणि स्टोव्हच्या कोणत्या बाजूला येतो ते. आजवर पूर्ण आचेवर एकूण किती तास चालला, पेलेटचा दर्जा कोणता, नळीला किती वळणे आहेत आणि उभी चढण किती. पडद्यावर आलेला बिघाडाचा आकडा. टाकीचे झाकण, बाजूचे पत्रे आणि काळ्या ठिपक्यावर नळी, यांची पूर्ण आचेवरची तापमाने. आणि वास येत असताना घरातला दुसरा कोणता पंखा चालू होता का, हे विसरू नका; तंत्रज्ञ येतो तेव्हा तो नेमका बंद असतो.